काळ्या पडद्याचे कोडे : बोर्ड बदलण्यापूर्वी हे वाचा

टीव्ही दुरुस्ती, सेट-टॉप बॉक्सची जोडणी, लग्नसमारंभासाठी प्रोजेक्टर किंवा एलईडी वॉल भाड्याने देणे, या धंद्यांत असलेल्या आपल्या कारागीर बंधूंकडे एक तक्रार हमखास येते. रिमोटने एका एचडीएमआय पोर्टवरून दुसऱ्यावर गेले की पडदा चार-पाच सेकंद काळा होतो. कधी चित्र येते आणि लगेच जाते. ग्राहक म्हणतो, टीव्ही बिघडला. घाईघाईने बोर्ड बदलला जातो, ग्राहकाचे पैसे जातात, तक्रार मात्र जिथल्या तिथे राहते आणि नाव खराब होते ते कारागिराचे.

बऱ्याच वेळा बोर्ड चांगला असतो. उशीर होतो तो दोन यंत्रांनी एकमेकांची ओळख पटवून घेण्यात.

डिजिटल चित्राची नक्कल मूळ चित्राइतकीच उत्तम निघते. ही चोरी रोखण्यासाठी इंटेल कंपनीने एचडीसीपी नावाची पद्धत तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००० साली आली. एचडीएमआयचे पहिले मानक २००२ च्या डिसेंबरात आले आणि ही पद्धत त्यावर रूढ झाली. डीव्हीडी प्लेअर, सेट-टॉप बॉक्स यांसारखे पाठवणारे यंत्र चित्राला कुलूप लावते. समोरचा टीव्ही परवाना घेऊन बनवलेला आहे अशी खात्री पटली तरच ते कुलूप उघडते.

जुन्या पद्धतीत प्रत्येक यंत्रात ४० गुप्त किल्ल्या असतात आणि ४० अंकांचा एक ओळखक्रमांक असतो, त्यात २० एक आणि २० शून्ये. बॉक्स आपला क्रमांक व एक यादृच्छिक संख्या टीव्हीला पाठवतो, टीव्हीचा क्रमांक वाचतो आणि दोघे आपापल्या जागी हिशेब करतात. उत्तर जुळले की काम झाले. या हिशेबाला टीव्हीला मुदत किती? १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग!

मग पाच सेकंद कुठे जातात? इथेच खरी मेख आहे. अनेक जुन्या टीव्हींत पोर्ट तीन-चार असले तरी ओळख पटवणारी चिप एकच असते. तुम्ही पहिला पोर्ट पाहत असता तेव्हा दुसऱ्यावरच्या बॉक्सला वाटते की आपली वायर निघालेली आहे. पोर्ट बदलला की तो झोपेतून उठल्यासारखा पहिल्यापासून सुरुवात करतो. टीव्ही कोणता हे वाचतो, चित्राचा आकार ठरवतो, सिग्नल स्थिर होण्याची वाट पाहतो आणि मग ओळख पटवायला घेतो. मध्ये ॲम्प्लिफायर असेल तर त्याला पुढच्या सर्व यंत्रांची यादी बॉक्सला द्यावी लागते आणि तेवढ्यासाठी जुन्या मानकात ५ सेकंदांपर्यंत सवलत आहे. एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

यावर सिलिकॉन इमेज या कंपनीने इन्स्टापोर्ट नावाचा उपाय काढला. एचडीएमआय तयार करणाऱ्या मूळ सात कंपन्यांपैकी ही एक. २०१५ साली ती लॅटिस सेमीकंडक्टरने विकत घेतली. युक्ती साधी आहे. टीव्ही न पाहिलेल्या पोर्टांचीही ओळख मागच्या मागे पटवून ठेवतो आणि ती जागी ठेवतो. पोर्ट बदलल्यावर फक्त चित्र जुळवायचे उरते. गिऱ्हाईक दारात येण्याआधीच माल मोजून ठेवावा, तसे.

एचडीएमआयसाठी २०१३ साली आलेल्या एचडीसीपी २.२ मध्ये दुसरी सोय आहे. दोन यंत्रांची एकदा ओळख पटली की तिचा मुख्य भाग साठवून ठेवता येतो. पहिल्या भेटीत टीव्हीला उत्तरासाठी १ सेकंदाची मुदत असते, जुन्या ओळखीत २०० मिलिसेकंदांची. मात्र फोर-केचे संरक्षित चित्रपट सहसा २.२ मागतात. जोडणीतले एकच यंत्र जुने निघाले तरी चित्र कमी दर्जाचे येते किंवा येतच नाही. तिथे वेग वाढवून उपयोग नाही, ते यंत्रच बदलावे लागते.

दुरुस्तीला गेल्यावर प्रथम वायर पाहावी. जुन्या पद्धतीतील ही सारी बोलणी पिन क्रमांक १५ आणि १६ वरून होतात, चित्र वेगळ्या तारांवरून येते. त्यामुळे चित्राच्या तारा शाबूत असूनही लांब किंवा हलक्या वायरीत ओळख अडते. पिन १९ सैल असेल तर यंत्राला वाटते की वायर सारखी निघते आहे. छोटी, चांगली वायर लावून आणि मधला ॲम्प्लिफायर काढून पाहावे. एवढ्याने चित्र लगेच आले तर बोर्डाला हात लावू नये.

समारंभाचे काम करणाऱ्यांनी साध्या स्विचऐवजी आत स्केलर असलेला स्विचर घ्यावा. तो एलईडी वॉलकडे जाणारा सिग्नल एकाच आकारात सतत चालू ठेवतो, म्हणून पुढची ओळख तुटत नाही. महाग पडतो, पण नेमक्या निकाहाच्या वेळी पडदा काळा झाला तर भाडे कोण देणार?

बाजारात कुलूपच काढून टाकणारे स्प्लिटरही मिळतात. २०१० साली या पद्धतीची मूळ किल्ली फुटली आणि ती खरी असल्याचे इंटेलने मान्य केले. पण कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले आहे. हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. असला माल दुकानात ठेवण्याआधी वकिलाला विचारलेले बरे.

स्विचर विकत घेताना दुकानदार बहुधा लॅपटॉप लावून दाखवतो आणि चित्र झटकन बदलते. लॅपटॉपच्या साध्या पडद्याला बहुधा कुलूपच नसते, त्यामुळे या परीक्षेला अर्थ नाही. दोन सेट-टॉप बॉक्स लावायला सांगा, दोन्हींवर संरक्षित चित्रपट चालू करा, दहा वेळा बदला आणि घड्याळ लावून सेकंद मोजा.