केमो टाळता येईल का?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढली, काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ निघाल्या. आता केमोथेरपी द्यायची की नाही? पूर्वी बहुतेकींना ती दिली जाई, कारण आजार कुणाचा उलटेल हे सांगता येत नसे. आता गाठीतल्या 21 जनुकांची सक्रियता मोजून आजार उलटण्याच्या धोक्याचा 0 ते 100 असा गुणांक काढतात.

हा गुणांक कितपत खरा ठरतो, हे 2018 साली ‘टेलरएक्स’ चाचणीने दाखवले. संप्रेरकांना प्रतिसाद देणारा, हर-2 हे प्रथिन जास्त नसलेला कर्करोग असलेल्या, सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रिया तीत होत्या. मधल्या, म्हणजे 11 ते 25 गुणांकाच्या स्त्रियांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. नऊ वर्षांनी केवळ संप्रेरक-उपचार घेतलेल्यांपैकी 83.3 टक्के आजारमुक्त होत्या, केमोही घेतलेल्यांपैकी 84.3. केस गळणे, उलट्या, थकवा, केवढे सोसणे वाचले! पन्नाशीच्या आतल्या, 16 ते 25 गुणांकाच्या स्त्रियांना मात्र केमोचा थोडा फायदा दिसला.

असे भाकीत दुसरीकडेही करतात: पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेची दिल्लीसाठीची हवा-प्रदूषणाची पूर्वसूचनाही मोजमापांच्या आकडेवारीचा आधार घेते. पण तिथे उद्याचा अंदाज उद्याच तपासता येतो, परवा सुधारता येतो. केमोच्या गुणांकाच्या पडताळ्याला मात्र कित्येक वर्षे लागली.

आणि त्या सहा देशांत भारत नव्हता. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा सरासरी कमी वयात आढळतो, म्हणजे अपवादात मोडणाऱ्या तरुण स्त्रिया आपल्याकडे जास्त. हा गुणांक काढणे महागही आहे. आपल्या रुग्णांची दीर्घकाळची नोंद ठेवून हे गुणांक इथे तपासले जायलाच हवेत.