गवताखालचं गाव

आज रात्री खोलीतला दिवा घालवा. चुरगळलेल्या चादरीवर वरून टॉर्च मारा. काही खास दिसणार नाही. आता टॉर्च गादीला टेकवून आडवी धरा. बघा, डोंगर-दऱ्या!

इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात सूर्य हाच खेळ खेळतो. तिथे व्हॅरम पर्सी नावाचं गाव आहे. म्हणजे, होतं. भर दुपारी गेलात तर नुसता गवताळ उतार आणि एक पडकं, बिनछपराचं चर्च. पण ऊन तिरपं झालं की गवतातून गाव वर येतं. हा लांबट खोलगट पट्टा म्हणजे रस्ता, पावलांनी आणि गाड्यांनी झिजून खाली गेलेला. त्याच्या कडेचे चौकोनी उंचवटे म्हणजे घरांची जोती. मागे परस. परसांमधले बांधसुद्धा ओळखू येतात!

अशा जुन्या गावांभोवती कधी कधी शेतंही दिसतात, सरी-वरंब्यासारखी. तिकडचा नांगर माती एकाच बाजूला टाकायचा. पट्ट्याभोवती फेऱ्या मारत नांगरलं की दोन्हीकडची माती मधे जमायची. पण हे वरंबे किंचित वाकडे का? कारण मोठ्या नांगराला आठ बैलसुद्धा जुंपत. एवढी वरात शेताच्या टोकाला झटकन वळणार कशी? म्हणून टोक येण्याआधीच बैल वळायला लागायचे. त्यांचं ते वळण जमिनीत उमटून राहिलं. मला तर जोत्यांपेक्षा हेच जास्त आवडतं.

मग माणसं गेली कुठे? 1348-49 मध्ये प्लेगची भयंकर साथ आली. व्हॅरम पर्सी त्यातूनही तगलं. पुढे लोकरीला चांगला पैसा मिळू लागला, जमीनदारांना शेतांऐवजी कुरणं हवी झाली आणि 1500 च्या सुमारास उरलीसुरली घरंही उठली. मेंढ्यांपायी गाव गेलं; पण कुरणावर नांगर फिरला नाही, म्हणूनच या खुणा टिकल्या.

मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांनी 1950 ते 1990, तब्बल चाळीस उन्हाळे इथे उत्खनन केलं. इंग्लंडात अशी ओस गावं तीन हजारांच्या आसपास सापडली आहेत. काही गावं नुसतीच आक्रसली: एका गल्लीत आजही माणसं राहतात, शेजारची गल्ली मात्र गवताखाली.

बरं, ती चादर आता नीट घाला. आई येतेय.