चेहरा, उजेड आणि रिकामी जागा



आपल्याकडील बहुतेक घरांत बैठकीच्या भिंतीवर हार घातलेली एखादी तसबीर असते. ती कोठून आली असे विचारले, तर पुष्कळदा कळते की, लग्नातल्या समूहचित्रातून किंवा ओळखपत्रावरील इवल्याशा छायाचित्रातून तो चेहरा मोठा करून घेतला आहे. जो माणूस त्या घरात साठ-सत्तर वर्षे वावरला, त्याचे स्वतंत्र आणि नीटस असे एकही छायाचित्र कोणी काढून ठेवलेले नसते! आज घरोघरी मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. परंतु साधन हाती येणे वेगळे आणि ते वापरण्याची दृष्टी येणे वेगळे. माणसाचे व्यक्तिचित्र काढताना ही दृष्टी मुख्यतः दोन गोष्टींत दिसते. चेहऱ्याभोवतीची जागा रिकामी कशी ठेवावी, ही पहिली. आणि उजेड कोणत्या दिशेने आणावा, ही दुसरी.

रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. आदिवासी वारली चित्रकार गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने आकृती काढतात, तेव्हा भिंतीचा मोठा भाग मोकळाच राहतो, आणि त्यामुळेच त्या बारीक पांढऱ्या रेषा उठून दिसतात. छायाचित्रातही हाच नियम लागू पडतो. मागे कॅलेंडर, दोरीवरचे कपडे आणि दूरदर्शनसंच असला, की पाहणाराची नजर चेहऱ्यावर ठरत नाही. तीच व्यक्ती साध्या भिंतीपुढे, मोकळ्या आकाशापुढे किंवा कन्हानच्या वाळवंटात उभी करा. नजर आपोआप तिच्याकडे जाते. व्यक्ती उजवीकडे पाहत असेल, तर मोकळी जागा उजवीकडे अधिक सोडावी, म्हणजे तिच्या दृष्टीला वाव मिळतो. उलट, पाठीमागे मोकळी जागा ठेवली, तर मागे काही सोडून आल्याचा भास होतो. म्हणजे रिकामी जागाही बोलते. तिला काय बोलायला लावायचे, हे आपण ठरवावयाचे असते.

उजेड आणि रिकामी जागा यांचे नाते समजावून घ्यावयाचे असेल, तर एका चित्राची आठवण करावी. सावंतवाडीला 1882 साली जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी 1945-46 च्या सुमारास हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे एक जलरंगचित्र रंगविले. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते प्रसिद्ध आहे आणि म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात ते पाहावयास मिळते. त्यांची कन्या गीता हिला समोर उभी करून त्यांनी ते रंगविले. पुष्कळ लोक हे चित्र राजा रविवर्म्याचे समजतात, तो गैरसमज होय. या चित्रात दिव्याची ज्योत तळहाताच्या आड आहे; बोटे आतून लालसर उजळली आहेत आणि चेहऱ्यावर खालून कोमल प्रकाश पडला आहे. मागे मन दुसरीकडे ओढून नेईल असे काहीच नाही. दिवा पाहणाराच्या हातात नाही, तो चित्रातल्या स्त्रीच्या हातात आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. व्यक्तिचित्रासाठी फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर का ठेवावा, याचे उत्तर यातच आहे.

छायाचित्रणाची कला आपल्याकडे लवकरच आली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. गोव्यातील मांद्रे गावचे सुपुत्र डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. त्या वेळी चित्र उमटण्यास काही सेकंद लागत; तोवर समोरच्या माणसाला निश्चल बसावे लागे. उजेड खिडकीतून किंवा काचेच्या छपरातून, म्हणजे साहजिकच बाजूने वा वरून येई. पुढे 1887 साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगझगणारी भुकटी तयार झाली, आणि 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक झोताला व्यवहार्य रूप दिले. कालांतराने हा झोत कॅमेऱ्यातच बसविण्यात आला. सोय झाली खरी, परंतु बाजूचा उजेड गेला.

त्याने बिघडले काय? भिंगाच्या शेजारूनच उजेड आला, की चेहऱ्यावरील सावल्या चेहऱ्याच्याच आड लपतात. नाकाची उंची, गालांचा उतार, कपाळावरच्या आठ्या या सर्वांची ओळख आपल्याला सावल्यांनीच होते. सावली गेली की चेहरा सपाट होतो. शिवाय तो झोत बुबुळातून आत शिरून थेट भिंगाकडे परततो, म्हणून डोळे लाल दिसतात. फ्लॅश हाताने किंवा तिकाटण्यावर दूर धरला, व्यक्तीच्या एका बाजूला आणि डोळ्यांपेक्षा थोडा उंच ठेवला, की हे दोन्ही दोष जातात. आमच्या कोंकणीत उजेडाला ‘उजवाड’ म्हणतात. नाव कोणतेही असो, तो कोठून येतो यावरच चेहऱ्याचे रूप ठरते.

आता थोडे गणित. लहानशा दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. फ्लॅश चेहऱ्यापासून 3 फुटांवर आहे आणि त्याच रेषेत मागची भिंत फ्लॅशपासून 6 फुटांवर आहे असे समजा. अंतर दुप्पट, म्हणून भिंतीवर चेहऱ्याच्या एक चतुर्थांश उजेड पडेल. व्यक्तीला भिंतीपासून पुढे आणून तेच अंतर 12 फूट केले, तर उजेड एक षोडशांश होईल. भिंत पांढरी असली तरी चित्रात ती काळोखी दिसेल. म्हणजे काळा पडदा विकत न आणताही रिकामी जागा निर्माण करता येते.

उजेडाचा मऊपणा मात्र वेगळ्या गोष्टीवर अवलंबून असतो. वैशाखातील उन्हात सावली कापल्यासारखी पडते; श्रावणात सूर्य ढगाआड गेला, की सारे आकाशच दिवा होते आणि सावलीची कड विरघळते. उजेडाचा उगम जितका विस्तीर्ण, तितका उजेड मऊ. म्हणून फ्लॅशपुढे पांढरे धोतर ताणून धरावे, किंवा त्याचे तोंड चुना दिलेल्या भिंतीकडे वळवावे.

ज्यांच्याजवळ मोठा कॅमेरा आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. फ्लॅशची दीप्ती बहुधा एक हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी टिकते. त्यामुळे शटर एक षष्ठ्यंश सेकंद उघडे राहो वा दोन शतांश, फ्लॅशचा उजेड तेवढाच मिळतो. कमीजास्त होतो तो खोलीतला उजेड. मात्र शटर फार जलद ठेवल्यास त्याचा पडदा चित्राचा काही भाग झाकतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. मागे पांढरी भिंत मोठी असली, तर तो उजेड कमी करतो आणि सावळा चेहरा काळवंडून जातो. मग तो यंत्राने गोरा करून घेण्याचा मोह होतो. हा त्या माणसावर अन्यायच नव्हे काय? दोष वर्णाचा नसून मोजणीचा असतो. म्हणून उजेड चेहऱ्यावर मोजावा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्याला बोट लावल्यास बहुधा हे काम साधते. सावळ्या कातडीवर बाजूचा उजेड पडला, की तिची झळाळी छायेतून खुलते. उन्हातान्हात कापूस वेचलेल्या, संत्र्यांच्या बागांत राबलेल्या चेहऱ्यांचा खरा रंग हाच त्यांचा मान होय.

यासाठी महागड्या यंत्राची वाट पाहू नका. संध्याकाळी खोलीतले इतर दिवे मालवा. आजीला भिंतीपासून दूर, स्टुलावर बसवा. एका भावंडाने विजेरी पांढऱ्या कापडामागे, बाजूला आणि थोडी उंच धरावी. दुसऱ्याने मोबाइल न हलू देता चित्र घ्यावे. तिला हसण्याचा आग्रह करू नका. तिच्या लहानपणाविषयी काही विचारा आणि ती बोलू लागली की बटण दाबा. चेहऱ्याभोवती भरपूर जागा सोडा. पुढे कधी ती तसबीर भिंतीवर लागेल, तेव्हा घरातल्यांना आठवते तशीच आजी तीत दिसेल. आजी अजून बोलते आहे, तोवरच हे काम करावे.