डॅन्यूबच्या काठाकाठाने, बदलापूरहून

आमच्या पहिल्या यादीत सात गावं होती, सात देशांतली. लंडन, पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कोलोन, लुसर्न आणि रोम, सगळं अकरा दिवसांत. मुलीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर ती यादी लिहिली आणि दोन गावांच्या मध्ये किती वेळ जाईल ते मांडत गेले. खोली सोडायची, स्टेशन गाठायचं, गाडीत बसायचं, नव्या गावात पत्ता शोधायचा, खोली ताब्यात मिळेपर्यंत थांबायचं. एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यात निदान अर्धा दिवस. असे सहा अर्धे दिवस म्हणजे अकरातले तीन दिवस बॅगा ओढण्यात जाणार होते.

कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना असा हिशोब शिकवावा लागत नाही. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, रोज जाऊन-येऊन. "वर्षभर आपण हेच करतो, सुट्टीतही तेच करायचं का?" नवरा म्हणाला. त्याच रात्री ती यादी बाद झाली.

पहिल्यांदा युरोपला निघणाऱ्या मध्यमवर्गीय घराला मला सगळ्यात आधी हेच सांगावंसं वाटतं. स्वस्त हॉटेल शोधत रात्री जागवण्याआधी नकाशा उघडा. खर्चाचा मोठा भाग तिथेच ठरतो. एका रेषेत येणारी, रेल्वेने तीन-चार तासांच्या अंतरावरची तीन गावं निवडली की पैसे वाचतात, पायही वाचतात. आम्ही निवडली प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. प्रागहून व्हिएन्ना चार तास, व्हिएन्नाहून बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. पॅरिस किंवा स्वित्झर्लंडच्या मानाने इथे राहणं-खाणं स्वस्त पडतं, त्यातही प्राग आणि बुडापेस्ट जास्त. विमानाचं तिकीट काढताना 'मल्टी-सिटी'चा पर्याय घेतला, जाताना प्रागला उतरायचं आणि येताना बुडापेस्टहून बसायचं. परतीच्या विमानासाठी पुन्हा पहिल्या गावी जाण्याचा खर्च आणि एक दिवस त्यामुळे वाचला.

लंडन वगळताना जीव हळहळला. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागद वेगळे. लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोडवरचं, बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थीदशेत राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५मध्ये विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे. ते पाहण्यासाठी वेगळी सहल करावी. दीड दिवसाच्या धावपळीत उरकण्याची ती जागा नाही.

शेंगेन हे लक्झेम्बर्गमधल्या एका छोट्या गावाचं नाव. १४ जून १९८५ रोजी तिथे पाच देशांनी आपसांतली सीमातपासणी हटवण्याचा करार केला. आज त्यात २९ देश आहेत. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. झेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरी २१ डिसेंबर २००७ रोजी एकाच दिवशी आत आले, ऑस्ट्रिया त्याआधीपासूनच होता. म्हणजे आमच्या सगळ्या गावांना एकच व्हिसा पुरणार होता. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम सरळ आहे. जिथे सगळ्यात जास्त मुक्काम, त्या देशाकडे. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल, तिथे. आमचे मुक्काम प्राग तीन रात्री, व्हिएन्ना चार, बुडापेस्ट पाच, म्हणून अर्ज हंगेरीकडे. अमुक देश लवकर व्हिसा देतो असं ऐकून त्याच्या नावाने खोटी बुकिंगं जोडणारे लोक भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. खरी, पण फुकटात रद्द करता येणारी बुकिंगं मिळतात, तीच जोडावीत.

जून २०२४पासून फी मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांना ४५. हिशोब सोपा व्हावा म्हणून आम्ही युरोचे शंभर रुपये धरले. आम्ही तिघं मोठे आणि अकरा वर्षांची मुलगी, म्हणजे साडेएकतीस हजार, शिवाय अर्ज केंद्राचा सेवाआकार. ही फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, म्हणून फाइल जीव लावून तयार करावी लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. कागदोपत्री पंधरा दिवसांत निर्णय होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो आणि मेच्या सुट्टीआधी तारीख मिळणंच कठीण असतं. आम्ही फेब्रुवारीतली तारीख घेतली. वैद्यकीय विमा निदान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

आमची खरी अडचण नावांची निघाली. सासूबाईंचं वय ६८. सासऱ्यांची नोकरी अंबरनाथच्या विमकोत झाली, मुळात स्वीडिश कंपनीने उभारलेल्या काडेपेट्यांच्या कारखान्यात. आईंच्या पासबुकावर त्यांचं लग्नानंतरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर नवऱ्याचं नाव नुसत्या आद्याक्षराने आणि पासपोर्टवर पूर्ण. आपल्याकडच्या बायकांची ही नेहमीची गोष्ट. जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून मी एकेका नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली, तेव्हा एकाच बाईची चार नावं समोर आली. ठाण्याला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रात जाण्याआधीच हे लक्षात आलं असतं, तर दोन खेपा वाचल्या असत्या. विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद फाइलला जोडली आणि प्रश्न सुटला. आणखी एक सांगते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम' या एकाच रकान्यात असतं. विमानाच्या तिकिटावरही ती दोन्ही नावं तशीच्या तशी घाला.

बँकेचं स्टेटमेंट सहा महिन्यांचं जोडलं. अर्जाच्या आठवडाभर आधी भावाकडून दोन लाख आणून खात्यात टाकण्याचा सल्ला आम्हालाही मिळाला होता. तसं करू नये. अचानक आलेली रक्कम अधिकाऱ्याच्या नजरेत भरते. दरमहा जमा होणारा पगार, आयकर रिटर्न, कंपनीचं रजेचं पत्र, मुलीच्या शाळेचं पत्र आणि आईंच्या पेन्शनची नोंद, यांतून हे लोक परत येणार आहेत हे दिसलं पाहिजे. त्यावर मी एक पानाचं पत्र लिहिलं, कुठल्या तारखेला कुठे आणि कोण खर्च करणार ते. हे पत्र एजंटकडून घेऊ नका, स्वतः लिहा. लिहिताना आपलाच बेत कुठे कच्चा आहे ते कळतं.

कपड्यांसाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते या नगराची पायाभरणी झाली आणि आजही तिथे कॅम्पच्या नंबरानेच पत्ता सांगतात. कॅम्प दोनच्या बाजारातल्या दुकानदाराने जाड कोट हातातून काढून घेतला. "मई में जा रहे हो ना, मॅडम? पतले पतले तीन लो, एक के ऊपर एक." प्रागच्या सकाळच्या गारठ्यात आणि दुपारच्या उन्हात त्यांचा शब्द खरा ठरला. बॅगेची परीक्षा आम्ही अंबरनाथ स्टेशनच्या पुलावर घेतली. भरलेली बॅग ज्याची त्याने उचलून जिना चढायचा, मध्ये खाली टेकवायची नाही. आईंची बॅग तीनदा हलकी करावी लागली. जुन्या गावांतल्या दगडी फरसबंदीवर चाकांची बॅग ओढून बघितली की हे किती महत्त्वाचं आहे ते समजतं.

खाऊच्या बाबतीत सावध राहा. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तुपाची बरणी घरीच ठेवा. हापूसही नको, प्रमाणपत्राशिवाय बहुतेक ताजी फळं चालत नाहीत. भाजणी, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी आणि पोहे मात्र आमच्यासोबत गेले. राहायला स्वयंपाकघर असलेली घरं घेतली, रात्रीला सरासरी शंभर युरो. सकाळी पोहे, दुपारी बाहेर काहीतरी, रात्री खिचडी. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली किराणा दुकानं उघडी असतात. व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेण्याची गरज नाही. आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी १८७३पासून नळाने शहरात येतं.

पैशांची एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. या तीन गावांत चलनं तीन, झेक कोरुना, युरो आणि हंगेरियन फोरिंट. फॉरेक्स कार्डावर फक्त युरो भरले तर बाकी दोन देशांत प्रत्येक वेळी बदलाचा आकार लागतो, म्हणून कार्ड घेतानाच दर विचारावेत. दुकानातलं यंत्र 'रुपयांत की स्थानिक चलनात?' असं विचारतं. स्थानिकच निवडा, रुपयांचा दर महाग असतो. प्रागमध्ये नोटा बदलून देणाऱ्या दुकानात फसलात तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून पैसे परत मागण्याचा हक्क तिथल्या कायद्याने दिला आहे. पावती जपा.

युरेल पास आम्ही घेतला नाही. दोन-तीनच लांब प्रवास असतील तर तो परवडत नाही, रेल्वेच्या संकेतस्थळावर दोन महिने आधी काढलेली सवलतीची तिकिटं स्वस्त पडतात. शहरात ट्राम आणि मेट्रोचा काही तासांचा किंवा दिवसांचा पास काढायचा. व्हिएन्नात आत शिरताना फाटक नाही, पण कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. शॉनब्रुन राजवाड्याची बाग, प्रागचा १३५७मध्ये बांधायला घेतलेला चार्ल्स पूल, बुडापेस्टची नदीकाठाने जाणारी दोन नंबरची ट्राम, या आठवणी जवळपास फुकटातल्या आहेत. तुमची सुट्टी दिवाळीची असेल तर एक ध्यानात ठेवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडू लागतो. आणि १२ ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी व्यवस्था लागू होऊ लागली, त्यामुळे पहिल्या विमानतळावर जोडविमानासाठी जास्त वेळ ठेवा.

चौघांचा खर्च साडेपाच लाखांच्या आत राहिला, त्यातले सव्वादोन लाखांहून जास्त विमानाचे. टूर पॅकेज घेतलं असतं तर त्यावर आधी टीसीएस हा कर भरावा लागला असता. तो रिटर्न भरताना मिळतो, पण तोवर रक्कम अडकते.

चौथा देश मात्र यादीत नव्हता. व्हिएन्नातल्या तिसऱ्या सकाळी मुलीने स्टेशनवरच्या फलकावर ब्रातिस्लाव्हा वाचलं. रेल्वेने एक तास, जाऊन-येऊन एकच तिकीट, त्यातच तिथली ट्राम-बस. बॅगा खोलीवरच ठेवून आम्ही स्लोव्हाकियात गेलो, किल्ल्याच्या भिंतीवर बसून डबा खाल्ला. खाली डॅन्यूब दिसत होती. आईंनी विचारलं, "ही व्हिएन्नातलीच ना?" मुलीने नकाशावर बोट फिरवून दाखवलं, इथून पुढे ही बुडापेस्टला जाते, परवा आपण तिथे पुन्हा हिला भेटणार आहोत. आईंनी डब्याचं झाकण लावलं आणि संध्याकाळची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.