धन्याचा वास राखाल, तर भाव राखाल



कोथिंबिरीची जुडी विकणं आपल्या अंगवळणी पडलंय. पण धन्यासाठी पीक घेतलं की पुष्कळदा माल भरपूर येतो, पण काळपट आणि बिनवासाचा. मग बाजारात भाव पडतो. असं का होतं?

धने, ओवा, बडीशेप, जिरे, शेपू ही सारी एकाच कुळातली भावंडं. छत्रीसारखा फुलोरा ही त्यांची खूण. वास असतो दाण्यातल्या बारीक तेलनळ्यांत, आणि हे तेल उन्हाने उडून जाते.

पेरणी : ऑक्टोबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरणी उरकावी. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. फळीखाली हलके रगडून दोन फाका कराव्यात, भुगा करू नये. रात्रभर भिजवून सावलीत सुकवावे आणि किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावी. एकरी ५ ते ६ किलो बी पुरते. दोन ओळींत ३० सें. मी. अंतर ठेवावे. उगवायला १० ते १५ दिवस लागतात, तेव्हा घाईने शेत मोडू नका.

खत : युरियाचा मोह टाळा. पाला माजतो, पीक लांबते आणि मावा चढतो.

फुलोरा : ढगाळ हवेत मावा आणि भुरीवर लक्ष ठेवा. माव्यासाठी ५ टक्के निंबोळी अर्क, भुरीसाठी १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम पाण्यात मिसळणारे गंधक. फवारणी मावळतीलाच करा. दिवसा मधमाश्या फुलांवर असतात, त्या गेल्या तर दाणा कोण भरणार?

काढणी : खरी गोम इथंच आहे. कोवळा दाणा चुरडला तर ढेकणासारखा वास येतो. पिकत आला की तो जाऊन गोड वास सुटतो. मधल्या छत्रीचा दाणा हिरव्याचा पिवळसर होऊ लागला, की काढणीला लागा. सगळं शेत वाळायची वाट पाहिलीत, तर दाणा गळतो, रंग जातो. काढणी सकाळी, दव असताना करावी.

पेंढ्या सावलीत, वाऱ्यावर वाळवा. झोडपल्यावर दाणाही सावलीतच सुकवा. दाताखाली कडक वाजला की कोरड्या, स्वच्छ पोत्यात भरा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवा.

एवढी सावली सांभाळलीत, तर पोतं उघडताच गिऱ्हाईक वासानंच माल ओळखेल.