आयसीयूतली झोप आणि व्हाइट नॉइज

"रस्त्यावरच्या गोंगाटानं बाबांचा डोळाच लागत नाही," असं आयसीयूबाहेर बाकड्यावर रात्र काढणारे नातेवाईक म्हणतात. पुण्यात ते पटकन पटतंही. ससून स्टेशनजवळ, केईएम रास्ता पेठेच्या वर्दळीत, त्यात गणपतीचे ढोल-ताशे. पण झोपमोड करणारा बराचसा आवाज आतलाच असतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मर्यादा आहे 40 डेसिबलची. देशोदेशी झालेल्या मोजमापांत आयसीयूच्या आत सरासरी 50 ते 70 डेसिबल आवाज आढळला आहे, मधूनच 80 च्याही वर. रस्त्याला ज्याची मनाई आहे, ते पेशंटच्या उशाशी चालू असतं! सिरिंज पंपातलं औषध संपत आलं की पंप टिंगटिंगतो, बोटाची क्लिप निसटली की मॉनिटर ओरडतो, मग ट्रॉलीची चाकं, स्टीलचे ट्रे, ड्युटी बदलतानाची बोलणी.

दुसरी समजूत अशी, की जितका मोठा आवाज तितकी जाग. इथेच व्हाइट नॉइजचं मर्म आहे. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात चार निरोगी माणसांना झोपेत आयसीयूचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. एरवी त्यांची झोप तासाला साधारण 13 वेळा चाळवत होती. आता ती 48 वेळा चाळवू लागली. त्याच आवाजात व्हाइट नॉइज मिसळल्यावर आकडा 16 च्या आसपास आला. अलार्म तेवढेच जोरात वाजत होते. बदललं होतं ते मागच्या शांततेचं आणि अलार्मचं अंतर. मेंदूला जागं करते ती आवाजातली एकदम झालेली वाढ, आणि मागे एकसुरी आवाज चालू असेल तर ती वाढ लहान होते. म्हणून व्हाइट नॉइज म्हणजे बासरी किंवा मंत्रजप नव्हे. त्यात सगळ्या कंपनसंख्या सारख्या जोरानं असतात. स्टेशन न लागलेल्या रेडिओची खरखर तशीच. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज त्याच्या बराच जवळ जातो.

मग हा सिद्ध उपाय मानायचा का? अजून नाही. त्या प्रयोगातली माणसं चार आणि तीही धडधाकट. पुढे इराणमध्ये हृदयरुग्णांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल आशादायक होता, पण अशा अभ्यासांत झोप बहुतेकदा प्रश्नावलीनं मोजली जाते. 2018 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा भर रात्रीचा आवाज आणि उजेड कमी करण्यावर आहे, आणि मला तोच क्रम योग्य वाटतो: आधी नको तो अलार्म बंद व्हावा, मग व्हाइट नॉइजच्या मशीनचा विचार. शिवाय झोपमोडीचा सगळा दोष आवाजाचा नाही. 2001 च्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटना जितक्या वेळा जाग आली, त्यापैकी सुमारे 17 टक्के वेळाच ती आवाजामुळे होती. उरलेल्या वेळी जाग येण्यामागे वेदना, व्हेंटिलेटर, रक्ताचे नमुने, कूस बदलणं आणि मुळात आजारच, अशी बरीच कारणं असू शकतात.

"इंजेक्शन दिलंय, आता शांत झोपलेत" हा दिलासा तर फारच फसवा. गुंगी म्हणजे झोप नव्हे. बऱ्याच गुंगीच्या औषधांनी गाढ झोपेचे आणि स्वप्नांचे टप्पे नीट येत नाहीत. तुटक झोपेचा संबंध पेशंट बरळण्याशी, भ्रमाशीही असावा, असं मानलं जातं.

आता मोबाईलवरचं व्हाइट नॉइजचं ॲप. घरून फोन आणून तो उशीखाली सरकवणं टाळाच. आवाज मोठा ठेवला तर एकूण गोंगाटात भरच पडते, आणि सिस्टरना ऐकू यायला हवा तो अलार्म त्यात दबू शकतो. बाळांसाठीच्या अशा 14 मशीनची 2014 साली कॅनडात तपासणी झाली, तेव्हा पूर्ण आवाजावर, 30 सेंटिमीटरवरून, सगळ्याच 50 डेसिबलच्या पुढे गेल्या. लावायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळू, आणि डोक्यापासून लांब.

इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी स्वस्त आहेत आणि त्यांच्या बाजूनं थोडा पुरावाही आहे. पेशंट शुद्धीवर असेल आणि त्याला चालत असेल तर सिस्टरना जरूर विचारा. दिवसा भेटीच्या वेळी पडदा उघडायला सांगा, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून द्या, आज वार कोणता ते सांगा. आणि बाकड्यावर बसलेल्यांनी आपले फोन सायलेंटवर ठेवावेत. दार उघडलं की बाहेरची रिंगटोनही थेट आत जाते.