चहाची खरी परीक्षा मोठ्या आतड्यात

२००८ साली जपानमधल्या गिफूच्या डॉक्टरांनी एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे पुढेमागे कर्करोगाकडे वळू शकणारे कोंब, काढून टाकलेले १३६ रुग्ण त्यात होते. एका गटाला नेहमीच्या चहाखेरीज रोज दीड ग्रॅम हिरव्या चहाचा अर्क गोळ्यांतून दिला. वर्षाने दुर्बिणीने तपासलं, तेव्हा अर्क न घेणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना नवे कोंब आले होते, घेणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना. एवढी घट पाहून कुणाचेही डोळे चमकावेत.

पण हा अर्क पोटात नेमकं करतो काय? चहातली कॅटेचिनं, त्यातही ईजीसीजी, लहान आतड्यात फारशी शोषलीच जात नाहीत. बराचसा माल मोठ्या आतड्यात उतरतो आणि जिवाणूंच्या हाती लागतो. ते आधी रेणूला चिकटलेलं गॅलिक आम्ल तोडतात. मग एगर्थेला लेंटा नावाचा जिवाणू कॅटेचिनचं मधलं कडं फोडतो आणि तिथेच थांबतो. पुढचं काम फ्लेव्होनिफ्रॅक्टर प्लॉटीचं. त्या तुकड्यांतून तो व्हॅलेरोलॅक्टोन घडवतो. जर्मन संशोधकांनी २०११ मध्ये ही जोडी प्रयोगशाळेत कामाला लावून दाखवली. अशी जिवाणूंनी घडवलेली द्रव्यं मग चहा पिणाऱ्याच्या रक्तात आणि लघवीत सापडतात. ज्याच्या आतड्यात यातला एखादा गडी कमी, त्याच्या पदरात वेगळंच काही पडतं. एकाच किटलीतला चहा दोघांना सारखा लागू पडेल, याची खात्री म्हणूनच देता येत नाही.

आपल्या घरात उकळतो तो बहुधा सीटीसी चहा. त्यात पानं चुरडल्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे कॅटेचिनं एकमेकांना जोडली जातात आणि थिआफ्लेव्हिन, थिआरुबिजिन असे मोठे रेणू बनतात. ते तर आणखीच कमी शोषले जातात, म्हणजे जिवाणूंवरची भिस्त वाढलीच. तरीही संशोधनाचा ओढा हिरव्या चहाकडे आहे, हे मला खटकतं.

चहासुद्धा जिवाणूंवर परिणाम करतो. फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा एरवी तोंडात, हिरड्यांच्या आसपास राहणारा. २०१२ मध्ये दोन संशोधक गटांनी तो आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत ठाण मांडून बसलेला दाखवला. २०१७ मध्ये कॅनडातल्या एका प्रयोगशाळेत चहाच्या अर्कांनी त्याची वाढ रोखली. पण तिथली मात्रा आतड्यात पोचतेच असं नाही.

अर्काचा खरा कस लागला तो जर्मनीत. २०२२ साली निष्कर्ष आलेल्या 'मिरॅकल' चाचणीत ८७९ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. तीन वर्षं एका गटाला दिवसातून दोनदा १५० मिलिग्रॅम ईजीसीजी, दुसऱ्याला औषध नसलेली तशीच कॅप्सूल. गिफूत ही तुलनेची कॅप्सूल नव्हती. नवे कोंब आले ते नुसत्या कॅप्सूलवाल्यांत ५५.७ टक्क्यांना, अर्कवाल्यांत ५१.१ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. पुरुषांत फायदा जास्त दिसला खरा, पण उपगट चिवडत बसलं की काही ना काही हाती लागतंच.

अन्ननलिकेच्या कर्करोगाचा प्रश्न वेगळा. तिथे मुद्दा चहाचा नाही, तापमानाचा आहे: ६५ अंश सेल्सियसहून गरम पेयं 'बहुधा कर्करोगकारक' असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं. बशीत ओतून पिणाऱ्यांची चेष्टा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि अर्काच्या कॅप्सूल घेणाऱ्यांनी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचा २०१८ चा अहवाल पाहावा. हिरवा चहा पिणाऱ्यांच्या पोटात रोज सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी जातं. पूरक गोळ्यांतून ते ८०० मिलिग्रॅमच्या पुढे गेलं, की यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्ततपासणीत दिसू लागतात.